वर्षाचा वाचनसंकल्प: रोजच्या रगाड्यात तो टिकवता कसा?

अजिंक्यतारा | ४ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मी गुडरीड्सवर (वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं संकेतस्थळ) ३६ पुस्तकांचा आकडा टाकला होता. तो पुरा झाला. ३१ डिसेंबरला रात्री साडेअकराला छत्तिसावं पुस्तक मिटलं आणि पडद्यावर अभिनंदन आलं. काल शाळेत एका बाईंनी सहज विचारलं, "डिसेंबरात काय काय वाचलंत हो?" मला दोनच नावं आठवली. त्या महिन्यात मी नऊ पुस्तकं संपवली होती. सगळी शंभर-सव्वाशे पानांची, वाचनालयाच्या कपाटातून जाडी बघून काढलेली.

आणि साडेसातशे पानांची एक कादंबरी, जी मला मनापासून वाचायची होती, ती ऑगस्टमध्ये दीडशे पानांवर ठेवली ती ठेवलीच. तेवढ्या वेळात चार लहान पुस्तकं होतील असा हिशेब मी केला होता. या गोष्टीचं मला खरोखर वाईट वाटतंय. पुस्तकात घातलेली खूण अजून तिथेच आहे.

थोडं माझ्याबद्दल. साताऱ्यात माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. दहावीची परीक्षा झाली की पेपरांचे गठ्ठे येतात, मध्येच मतदारयादीचं काम लागतं, त्यामुळे "रोज रात्री ९ ते १०" असं वेळापत्रक माझ्याकडे चालत नाही. तीन वर्षं करून बघितलंय.

म्हणून यंदा पुस्तकं मोजायची नाहीत, बैठका मोजायच्या असं ठरवलंय. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर आम्ही दुधाचा हिशेब लिहितो, जादा घेतलं तर 'अर्धा ली.', आलं नाही तर फुली. त्याच चौकटीत डाव्या कोपऱ्यात, ज्या दिवशी किमान वीस मिनिटं सलग वाचलं त्या दिवशी 'वा' लिहायचा. फोन दुसऱ्या खोलीत. वर्षाला २०० 'वा' हे ध्येय. पुस्तकं किती होतील ती होवोत.

तुम्ही कसं करता? आकडा ठेवता का? मध्येच खंड पडला तर काय करता?

८_१२_बदलापूर | ५ जानेवारी, सकाळी ८:३१

ताई, मी आकड्याच्या बाजूचा आहे. माझं वाचन आकड्यामुळेच टिकलंय.

बदलापूरहून सुटणारी गाडी पकडतो, म्हणून बसायला मिळतं. दादरपर्यंत सव्वा तास. डोंबिवलीला गर्दी शिरेपर्यंत निवांत, त्यानंतर पुस्तक छातीशी धरून. सकाळी सरासरी पंचवीस पानं होतात. सुट्ट्या आणि रजा सोडून वर्षाला साधारण २७० दिवस प्रवास, म्हणजे पावणेसात हजार पानं. सव्वादोनशे पानांचं पुस्तक धरलं तर तीस. म्हणून माझा आकडा दरवर्षी ३०. यात इच्छाशक्तीचा काही भाग नाही, गाडी तर रोज पकडायचीच असते. संध्याकाळी परतताना मी वाचत नाही, डोळे मिटून बसतो. तीन वर्षं दोन्ही वेळा वाचायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळचं बिघडलं.

तुमची डिसेंबरची चूक आकड्याची नाही वाटत मला. ३६ हा आकडा तुम्ही दिवस मोजून काढला होता, की गोल-गोजिरा वाटला म्हणून टाकला होता?

अजिंक्यतारा | ५ जानेवारी, रात्री ९:५५

महिन्याला तीन असं धरून टाकला होता. दिवस मोजले नव्हते. तुमचा प्रश्न वर्मावर लागला.

निरपेक्ष | ६ जानेवारी, दुपारी १:१२

मी विरुद्ध मताचा. काहीच मोजू नका. बैठकासुद्धा नकोत. मोजणं सुरू झालं की वाचन किराणा, लाईट बिल, मुलाची फी यांच्या रांगेत जाऊन उभं राहतं. मी पाच वर्षं यादी ठेवली आणि पाचही वर्षं प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण घाईत वाचलं, कारण पुढचं खुणावत होतं. लेखकाने जिथे सगळा जीव ओतलेला असतो तिथे मी पळत होतो. यादी फाडली. आता वर्षाला आठ होतात की अठरा, माहीत नाही. पण गेल्या पावसाळ्यात एक कवितासंग्रह सलग दोन महिने उशाशी होता. यादी असती तर तो दोन दिवसांत 'झाला' असता.

जुनं_पान | ६ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

तालुक्याच्या एका 'ब' वर्ग वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. त्या टेबलावरून जे दिसलं ते लिहितो.

जानेवारीत उत्साहाने वर्गणी भरणारे खूप यायचे. अनामत, दोन फोटो, "रोज येणार बघा." पाडव्यापर्यंत त्यातले निम्मे दिसेनासे व्हायचे. टिकायचे कोण? ज्यांचा वार ठरलेला असायचा. आमच्याकडे शनिवारचा बाजार. भाजीची पिशवी एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात, असे येणारे लोक वीस-वीस वर्षं टिकले. एक आजी मेथीची जुडी टेबलावर ठेवून पुस्तक बदलायच्या आणि जाताना कधी कधी जुडीच विसरायच्या. त्यांना वाचनासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, बाजाराला यायचंच होतं.

दुसरं, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्याकडे बघत जा. पंधरा दिवसांची मुदत ही वाचकाला मदत असते, दंडासाठी नसते. जाड पुस्तक असेल तर निःसंकोच मुदत वाढवून मागा. कोणीही ग्रंथपाल आनंदाने शिक्का मारून देतो. एका चिठ्ठीवर एकाच सभासदाचे लागोपाठ चार शिक्के दिसले की मला फार बरं वाटायचं. कोणीतरी ते पुस्तक सोडत नाहीये, एवढं त्यातून कळायचं.

अजिंक्यतारा, ती साडेसातशे पानांची कादंबरी घरची की वाचनालयाची?

अजिंक्यतारा | ६ जानेवारी, रात्री १०:०५

घरची आहे सर. म्हणूनच बहुतेक पडून राहिली. तिला परतीची तारीख नाही.

दोन_पिल्लं | ७ जानेवारी, रात्री ११:४८

माझी एक अडचण. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. दिवसाकाठी मी तीन-चार पुस्तकं वाचते, पण सगळी बारा पानांची. त्यातलं एक माकडाचं पुस्तक गेल्या महिन्यात चाळीस वेळा तरी झालं असेल. हे धरायचं का? आणि स्वतःचं वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर डोळा लागतो. लग्नाआधी मी रात्र-रात्र वाचायचे. ती बाई कुठे गेली असं वाटतं, आणि त्या विचाराने रडू येतं. खोटं कशाला सांगू.

जुनं_पान | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

धरायचं. चाळीसही वेळा धरायचं. मूल एकच गोष्ट पुन्हा मागतं तेव्हा त्यातली वाक्यं ते तोंडपाठ करत असतं. तुम्ही एक वाचक घडवताय, आणि त्यासाठी तुमचा आवाज लागतोय. ती बाई कुठेही गेलेली नाही. सध्या मोठ्याने वाचतेय एवढंच.

मांडवी | ८ जानेवारी, सकाळी १०:०२

दोन_पिल्लं, मुलं लहान असताना मी कथा वाचायचे, कादंबरी नाही. भाताला वाफ येईस्तोवर एक कथा. कादंबरीत परत शिरायला पाच पानं जातात, कथेला ती भानगड नाही. पणजीला पाटोवर आमचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं. मी फोंड्याची, कामासाठी महिन्यातून एकदा पणजीला जाणं होतंच, तेव्हा मुलांना घेऊन तिथे जायचे. आता थोरला कॉलेजात आहे आणि माझ्या आधी पुस्तक पळवतो.

बागाईतदार_निफाड | ९ जानेवारी, रात्री १:३०

द्राक्षाच्या मालाचे दिवस आहेत. व्यापारी सकाळी सहाला येणार. धागा वाचला, मन भरून आलं. पावसाळ्यात सविस्तर लिहितो. माझं वाचनाचं वर्ष जानेवारीत सुरू होतच नाही.

दूरदेशी | ११ जानेवारी, पहाटे ४:१७

मेलबर्नहून. इथे अडचण वेळेची नाही, पुस्तकं मिळण्याची आहे. सुट्टीवर आलं की एका बॅगेला २३ किलो, त्यात आठ-नऊ किलो पुस्तकं, उरलेल्यात आईचं मेतकूट आणि मसाला. दोन वर्षांनी एक फेरी. म्हणजे माझा आकडा वजनकाट्यावर ठरतो!

त्यावर काढलेला मार्ग सांगते. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन स्वामित्व हक्कातून मुक्त होतं. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांसारखे (ते १९१९ मध्ये गेले) जुने लेखक कायदेशीररीत्या फुकट वाचता येतात, मराठी विकिस्रोतावर बरंच काही आहे. दर महिन्याला एक नवं आणि एक जुनं असा नेम ठेवलाय. फोनवर वाचणार असाल तर स्कॅन केलेली पीडीएफ टाळा. पान इकडून तिकडे सरकवण्यातच जीव जातो. अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल अशी फाईल शोधा.

---

अजिंक्यतारा | ६ एप्रिल, रात्री ११:१०

धागा वर आणतेय. जानेवारी २२, फेब्रुवारी १९, मार्च ३. एकूण ४४.

मार्चमध्ये शाळेची परीक्षा, दहावीचे गठ्ठे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, सगळं एकदम आलं. रोज सकाळी दूधवाला गेला की त्या रिकाम्या चौकटी दिसतात. २०० गाठायचे तर उरलेल्या नऊ महिन्यांत दर महिन्याला सतरा-अठरा हवेत. काल रात्री बळेच पुस्तक घेऊन बसले, वीस मिनिटं घड्याळाकडे बघितलं आणि 'वा' लिहिला. मग तो खोडला. तो खरा नव्हता.

सोडून द्यावं का यंदा?

८_१२_बदलापूर | ७ एप्रिल, सकाळी ८:२२

सोडू नका. मार्च तुमच्याकडे दरवर्षी येणार आहे, तो आधीच वजा करून टाका. मी २७० धरतो, ३६५ नाही, ते याचसाठी. मार्च आणि एप्रिलचा पहिला आठवडा हिशेबातच धरू नका आणि पुढच्या महिन्यांवर त्याची थकबाकीही चढवू नका.

तुम्ही तो 'वा' खोडलात हे वाचून मात्र फार बरं वाटलं.

निरपेक्ष | ७ एप्रिल, दुपारी १:४०

माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारतो. मार्चच्या त्या तीन दिवसांत काय वाचलंत?

अजिंक्यतारा | ७ एप्रिल, रात्री १०:३०

तीच कादंबरी. पान १६२ ते २३०. गठ्ठे तपासून डोकं शिणलेलं असायचं, तरी त्या अडुसष्ट पानांतला प्रत्येक प्रसंग आत्ता सांगू शकते. नदीला पूर आलाय आणि घरातली म्हातारी माळ्यावर चढायला नकार देते, तिथे मी थांबलेय.

निरपेक्ष | ७ एप्रिल, रात्री १०:५२

मग म्हातारीला तिथेच सोडू नका. आकड्याचं काहीही करा.

---

बागाईतदार_निफाड | १२ जुलै, रात्री ९:१०

शब्द दिला होता म्हणून आलो. बाहेर पाऊस चालू आहे, लाईट आहे, बागेत फार काम नाही.

द्राक्षवाल्याचं वर्ष सांगतो. एप्रिलात खरड छाटणी. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, माणूस बागेचा असतो. फुटवा काढणं, जीएचं डिपिंग (मणी फुगायला घड औषधात बुडवणं), विरळणी, आणि ढग आले की डाऊनी रोगाच्या धास्तीने रात्रीसुद्धा फवारणी. त्या काळात मी पेपर वाचतो आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतो. वाचनाचा संकल्प त्यात बसवायला गेलं तर दोन्हींचं नुकसान.

म्हणून माझं वाचनाचं वर्ष मृगात सुरू होतं आणि नवरात्राला संपतं. चार महिने. या चार महिन्यांत बारा पुस्तकं, हे नऊ वर्षं चाललंय. पंपहाऊसमध्ये एक पत्र्याची पेटी आहे, आधी त्यात औषधं असायची. ती घासून, उन्हात वाळवून आत कडुनिंबाचा पाला टाकलाय. वर्षभर जे पुस्तक आवडेल ते घेऊन त्यात टाकतो. जूनमध्ये पेटी उघडली की पाल्याचा वास आणि बारा-पंधरा पुस्तकं. तो दिवस मला पोळ्याइतका मोठा.

रात्रीच्या लाईटीची पाळी असली की मोटर चालू करून दोन-अडीच तास तिथेच थांबावं लागतं. डोक्याला बॅटरी लावून वाचतो. पाण्याचा आवाज चालू असतो, दुसरं काही नसतं. शहरातल्या वाचकाला अशी शांतता मिळत नसेल.

ताई, तुम्ही बारा महिन्यांच्या चौकटी सारख्या धरल्यात. शेतकऱ्याला बारा महिने सारखे नसतात. शिक्षकालाही नसतील.

अजिंक्यतारा | १३ जुलै, रात्री १०:१५

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पेटीचं पुन्हा वाच." त्यांचा मोतीबिंदू पिकलाय, सहा-सात महिन्यांपासून पेपर वाचता येत नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं, की त्यांचं वाचन सुटलंय. रोज सकाळी पेपर हातात घेऊन बसायच्या, त्यामुळे मला वाटायचं वाचतायत. मथळेच बघत असणार.

उद्यापासून रात्री जेवणं झाली की त्यांना वाचून दाखवणार आहे. काय घ्यावं?

जुनं_पान | १४ जुलै, सकाळी ६:५०

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. दुसरा विचार करू नका. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं पुस्तक, पण भाषा अशी की शेजारी बसून कोणी सांगतंय. लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. कानावर पडलेली मराठी त्यांनी तशीच्या तशी कागदावर आणली, त्यामुळे ते पुस्तक डोळ्यांपेक्षा कानांना जास्त कळतं. आमच्या वाचनालयातली प्रत तीनदा बांधून घ्यावी लागली होती.

दोन_पिल्लं | १४ जुलै, दुपारी ३:०५

ताई, मोठ्याने वाचताना वेग फार कमी होतो, त्याने घाबरू नका. मला आधी त्रास व्हायचा. आता मी मुलीला झोपवताना माझ्याच पुस्तकातली दोन पानं तिला वाचून दाखवते. तिला अर्थ कळत नाही, पण ऐकत ऐकत झोपते. जानेवारीपासून माझी अशी पाच पुस्तकं झाली. माकड आहेच.

अजिंक्यतारा | २ सप्टेंबर, रात्री १०:५०

वाचन सुरू आहे. रोज अर्धा तास, सात-आठ पानं होतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आलं त्या रात्री सासूबाई इतक्या हसल्या की मुलगा अभ्यास सोडून आला. मग त्यांनी त्यांच्या आजेसासूची गोष्ट सांगितली, कोरड्यासाची चूल वेगळी आणि भाकरीची वेगळी. वीस वर्षं मी या घरात आहे, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. त्या रात्री पुस्तकाची तीनच पानं झाली. 'वा' लिहिला.

ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय.

---

८_१२_बदलापूर | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

दरवर्षीचा प्रश्न. दिवाळी अंक मोजायचा की नाही?

निरपेक्ष | २९ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

मोजणाऱ्यांनी ठरवावं. मी वाचतोय.

जुनं_पान | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली. आपल्या भाषेतल्या कितीतरी लेखकांची पहिली कथा अशा अंकांतच छापून आली. पाठपोट वाचला असेल तर एक अंक म्हणजे एक पुस्तक, माझ्याकडून शिक्का. नुसतं राशिभविष्य आणि व्यंगचित्रं बघून ठेवला असेल तर नाही. वाचनालयाची दिवाळी अंक योजना जरूर घ्या. वेगळी थोडी वर्गणी असते आणि तेवढ्यात होळीपर्यंत पुरतील एवढे अंक हातात येतात.

बागाईतदार_निफाड | ३० ऑक्टोबर, रात्री ११:५५

छाटणी झाली, काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावून झाली. दोन अंक घेऊन पेटीत टाकले. माझी दिवाळी जूनमध्ये.

---

अजिंक्यतारा | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

हिशेब द्यायला आले. कालपर्यंत १९३ 'वा'. उद्या-परवाचे दोन धरले तरी २०० होत नाहीत. पुस्तकं १७, गेल्या वर्षीच्या निम्मीसुद्धा नाहीत. त्यात ती साडेसातशे पानांची कादंबरी आहे. १९ मे रोजी संपली, भर दुपारी, पंख्याखाली फरशीवर पडून. संपल्यावर तासभर कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. सतराच्या सतरा नावं मी आत्ता न बघता लिहून काढली, आणि प्रत्येकातलं काही ना काही आठवलं.

१९३ मधले ९२ 'वा' मोठ्याने वाचल्याचे आहेत. मे महिन्यात २६ आले, मार्चमध्ये ३. पुढच्या वर्षी मार्चच्या चौकटी मी आधीच आडवी रेघ मारून ठेवणार आहे. बदलापूरकर म्हणाले तसं.

सासूबाईंचं ऑपरेशन नोव्हेंबरअखेर झालं. डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपले, गेल्या आठवड्यात नवा चष्मा आला. त्या दिवशी मी रात्री पुस्तक उघडलं तर म्हणाल्या, "आण इकडे." आणि स्वतः वाचायला लागल्या, मोठ्याने, बोट ओळीवर ठेवून. मी भाजी निवडत ऐकत होते. दोन पानांनी दमल्या आणि पुस्तक माझ्याकडे दिलं. आता असंच चाललंय, दोन पानं त्यांची, पाच माझी. चौथा भाग सुरू आहे.

नवीन कालनिर्णय आणलंय. त्यांनी १ जानेवारीच्या चौकटीत आत्ताच एक 'वा' लिहून ठेवला. मी म्हटलं, "आई, तो दिवस अजून यायचाय." तर म्हणाल्या, "मग काय झालं, वाचणार तर आहोतच."

दूरदेशी | ३० डिसेंबर, पहाटे ३:४०

ताई, मेमध्ये येतेय. साताऱ्याला मावशी असते माझी. तुमच्या सासूबाईंना भेटायला आले तर चालेल का? येताना नऊ किलो रिकामी बॅग घेऊन येते.

अजिंक्यतारा | ३० डिसेंबर, सकाळी ७:०५

अवश्य या. जेवायलाच या.

बागाईतदार_निफाड | ३१ डिसेंबर, रात्री १२:५०

थंडी वाढलीय, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे पाणी सोडायचंय. त्यासाठी जागा आहे. ती पुराची कादंबरी कोणती ते व्यक्तिगत निरोपात कळवा ताई. पेटीत टाकून ठेवतो.